चांदण्यांची माळ आणि मी

मित्रांनो, मी कात्री आहे, आणि आता बरीच म्हातारी झाले आहे. माझ्या मुठीवरचा काळा रंग अंगठ्याच्या जागी पार उडाला आहे. मधला खिळा ढिला झाल्यामुळे मी चालते तेव्हा खुडखुड वाजते. माझा मुक्काम सध्या स्वयंपाकघरातल्या खणात असतो, गाळणी आणि मेणबत्त्यांच्या तुकड्यांच्या शेजारी. मला पाहून कोणाला खरे वाटणार नाही, पण या घरातले नाताळचे झाड वर्षानुवर्षे मी सजवले आहे. आणि हेच घर माझ्याच पात्यांनी मोडलेही आहे. सांगायचे तर दोन्ही सांगायला हवे.

मला एका लोहाराने घडवले. त्याने ओल्या रुमालाचे टोक माझ्या पात्यांत धरून कापून पाहिले, मग मला कानाशी नेऊन दोनदा उघडमीट केली आणि म्हणाला, "जा आता, पोटापाण्याला लाग." मी लागले. पडद्यांच्या एका मोठ्या दुकानात माझी नेमणूक झाली. तिथे एक उंच, हडकुळी बाई पडदे कापायची. तिचा हात इतका सरळ होता की दुकानदार तिला पट्टी लावू द्यायचा नाही, म्हणायचा, "पट्टी तुमच्यापेक्षा वाकडी आहे." पुढे दुकानात विजेवर चालणारे कापायचे यंत्र आले, तेव्हा दुकानदाराने मला तिच्या पिशवीत टाकले. "घेऊन जा, घरी उपयोगी पडेल."

घर तिसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी, आणि मधोमध एक टेबल, ज्याचा एक पाय पुठ्ठ्याची घडी ठेवून सारखा केलेला होता. घरात त्या बाईच्या दोन मुली होत्या. मोठीला सगळे थोरली म्हणत, धाकटीला बारकी. वडील बोटीवर कामाला होते. एका वर्षी बोट परत आली आणि घरी त्यांचा कोट तेवढा आला. त्यानंतर त्या घरात तिघीच राहिल्या. मी चौथी.

नाताळ जवळ आला की आई मैद्याची खळ शिजवायची. वाटीत खळ, बशीत मणी आणि टिकल्या, खोक्यात दुकानातून आणलेल्या पडद्यांच्या चिंध्या, दोरे, फिती, जुनी बटणे, काड्यापेट्या, कापूस. झाड म्हणजे बादलीत वाळू भरून उभी केलेली एक फांदी. बाजारचे काही विकत घ्यायचे नाही, असा त्या घरचा नियम होता. काड्यापेटीला चमकीचा कागद गुंडाळला की भेटवस्तूची पेटी व्हायची. गेलेल्या दिव्याच्या गोळ्याला काळा-पांढरा रंग दिला की पेंग्विन व्हायचा. एकदा पेंग्विनची चोच वाकडी चिकटली, तर आई म्हणाली, "राहू दे, सर्दी झाली असेल त्याला." तो तसाच सर्दी झालेला पेंग्विन पुढे अठ्ठावीस वर्षे झाडावर बसला.

कापायचे काम थोरलीचे. तिला आईचा हात आला होता. ती कागद चार वेळा दुमडायची, मला त्यात फिरवायची, आणि उलगडले की जाळीदार फूल तयार. मला तिचा हात आवडायचा, खोटे कशाला बोलू!

बारकीच्या हातात मात्र मी कधी चाललेच नाही. ती डावखुरी होती. ती मला धरायची, जीभ बाहेर काढून नेम लावायची, आणि मी कागद कापण्याऐवजी तो दोन पात्यांमध्ये दुमडून चावत बसायची. कडा फाटायच्या, चांदणीची टोके लोंबायची. थोरली हसायची. "आण इकडे. तुझ्या हातात वाकडंच जन्माला येतं सगळं." बारकी रडकुंडीला यायची. मग आई तिच्यासमोर खळीची वाटी सरकवायची आणि म्हणायची, "तू चिकटव गं बारके. चिकटवण्यात तुझा हात कोण धरणार?" तेव्हापासून थोरली कापणार आणि बारकी चिकटवणार, असे ठरूनच गेले. मीही मनात म्हणायचे, की पोरीला जमत नाही त्याला मी काय करणार? आज ते आठवले की माझ्या गंजाची मलाच लाज वाटते.

आईने एक गोष्ट मात्र दोघींना सारखीच शिकवली होती. कात्री दुसऱ्याला देताना टोक आपल्याकडे ठेवायचे आणि मूठ पुढे करायची.

मुली मोठ्या झाल्या. थोरली पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागली, त्यामुळे घरात पुठ्ठ्याला तोटा राहिला नाही. बारकी शिकून नर्स झाली आणि दूरच्या शहरात, मोठ्या इस्पितळात गेली. पण नाताळला ती न चुकता यायची. पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायची, "खळ झाली का?" तेवढे चार दिवस टेबलाभोवती पुन्हा तिघी बसायच्या आणि थोरलीचे "आण इकडे" पुन्हा सुरू व्हायचे. आता बारकीसुद्धा त्यावर हसायची. निदान मला ते हसूच वाटायचे.

मग आईला धाप लागू लागली. इतकी वर्षे पडद्यांची धूळ आणि कापसाचे तंतू छातीत गेले होते, असे डॉक्टर म्हणाले. पहिल्या वर्षी तिचा जिना सुटला, दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघर सुटले, आणि तिसऱ्या वर्षी ती खिडकीपाशी पलंगावरच असायची. थोरलीने कारखान्याचे काम घरी आणायला सुरुवात केली. एका हाताने पुठ्ठा, एका हाताने आई. ती कधी कुरकुरली नाही, पण तिचे बोलणे दिवसेंदिवस तोकडे होत गेले.

त्या शेवटच्या हिवाळ्यात आईने जुन्या कपड्यांचे गाठोडे मागवले आणि मला मागितले. थोरली म्हणाली, "मी कापते ना, तू सांग फक्त." आई म्हणाली, "नाही. एवढं माझं मला करू दे."

आणि तिने माळ करायला घेतली. कापडाच्या चांदण्या, आत कापूस, कडेने टाके, आणि सगळ्या एका दोरीत ओवलेल्या. एक बारकीच्या शाळेच्या निळ्या फ्रॉकची. एक थोरलीच्या चौकटीच्या झग्याची. स्वयंपाकघराच्या जुन्या पडद्याच्या चार. बरोबर मधली वडिलांच्या कोटाच्या अस्तराची. तिचा तो पट्टीपेक्षा सरळ हात आता थरथरत होता. मी जमेल तेवढी सांभाळून घेत होते, तरी एका चांदणीला चारच टोके आली. आईने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि दम घेत म्हणाली, "ही बारकीनं कापलीय म्हणून सांग." दोघी हसल्या. हसताना आईला ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

एकतीस चांदण्या झाल्या. नाताळला अजून तीन आठवडे होते.

त्याच दिवसांत बारकीचा फोन आला. थोरली बोलत होती आणि मी टेबलावरच होते. "ठीक आहे. थोडा खोकला आहे, नेहमीचा. नाही नाही, रजा कशाला काढतेस? नाताळला येशीलच की." फोन ठेवल्यावर आई पलंगावरून म्हणाली, "बरं केलंस. उगाच पोरीचा जीव टांगणीला." थोरली कितीतरी वेळ फोनजवळच उभी राहिली.

त्या फोननंतर पाचव्या दिवशी दुपारी आई गेली. थोरलीने बारकीच्या इस्पितळात फोन केला, पण तिची पाळी संपली होती आणि निरोप तिला दुसऱ्या दिवशी मिळाला. ती धडपडत घरी पोचली तेव्हा सगळे आटोपले होते. पलंगावर नवी चादर घातलेली होती. बारकीने त्या चादरीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

मित्रांनो, पुढचे सांगणे मला जड जाते. दोन दिवस त्या बहिणी फार नीट वागल्या. इतक्या नीट, की मला भीती वाटली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी नाताळच्या वस्तूंचा खोका टेबलावर काढला. "तुझं तू घेऊन जा," थोरली म्हणाली. हे तुझे, हे माझे, असे करत दोन ढीग झाले. पेंग्विन बारकीकडे गेला. कागदी फुले थोरलीकडे राहिली. शेवटी खोक्याच्या तळाशी माळ उरली. एक टोक एकीच्या हातात आले, दुसरे दुसरीच्या.

"ही माझ्याकडे राहू दे," थोरली म्हणाली. "माझ्यासमोर केलीय तिनं."

"तुझ्यासमोर. तेच तर!" बारकीचा आवाज एकदम चढला. "सगळं तुझ्यासमोर झालं. मला का नाही कळवलंस, ताई?"

"आईच म्हणाली, घाबरवू नकोस."

"आई म्हणेल! तुला दिसत नव्हतं? मी रोज परक्यांच्या आया सांभाळते. त्यांच्या उश्या सारख्या करते, त्यांना पाणी पाजते. माझ्या आईला एक घोट पाणी मला पाजता आलं नसतं?"

"तीन वर्षं मी पाजत होते. तेव्हा कुठे होतीस?"

"तू बोलावलंस कधी? तुला ती एकटीला हवी होती."

थोरलीने माळ ओढली. बारकीनेही ओढली. मग बारकीने टेबलावरून मला उचलले, डाव्या हाताने. मी म्हटले, चला, मी तर हिच्या हातात चालत नाही, वाचले सगळे. आणि नेमके तेव्हाच थोरलीच्या तोंडून निघून गेले, "तुला कापता तरी येतं का?"

बारकीने अंगठा उलटा रेटला. माझी पाती एकमेकांवर अशी घट्ट बसली, की तशी तिच्या हातात कधी बसली नव्हती. मधल्या चांदणीच्या बरोबर मधून मी गेले. वडिलांच्या कोटाचे अस्तर, आतला कापूस, खालची दोरी, सगळे एका फटक्यात. कड इतकी साफ आली की आईनेही नावाजली असती.

कापूस टेबलावर पडला. बारकीने आपली अर्धी माळ पिशवीत घातली. जाताना तिने मला थोरलीकडे सरकवले, टोक स्वतःकडे आणि मूठ पुढे करून.

जिन्यावर तिची पावले वाजली. खालचे दार लागले.

त्यानंतर थोरलीने मला खणात टाकले. पुढे कितीतरी वर्षे मी दुधाच्या पिशव्या कापल्या, सुतळी कापली, एकदा तर थोरलीने माझ्या टोकाने डब्याचे झाकण उचकटले. तिथेच माझ्या एका पात्याचे टोक उडाले. नाताळ यायचा. थोरली बादलीत फांदी उभी करायची, तिच्यावर साडेपंधरा चांदण्या टाकायची, आणि नवीन काही करायची नाही.

तिसऱ्या वर्षी एक पोस्टकार्ड आले. त्यावर नमस्कार नव्हता, खुशाली नव्हती. बारकीच्या अक्षरात फक्त एवढेच होते, 'माझा पत्ता बदलला आहे,' आणि खाली नवा पत्ता. थोरलीने ते चार वेळा वाचले. "एवढंच लिहायचं होतं तर लिहिलं कशाला?" असे मोठ्याने म्हणाली आणि कार्ड घड्याळामागे खोचून दिले. मला तेव्हा ओरडून सांगावेसे वाटले, अगं, पत्ता उगाच कोणी कळवतं का! पण कात्रीला कसला आवाज!

ते कार्ड अकरा वर्षे घड्याळामागे राहिले.

चौदाव्या वर्षी रस्त्यावर धारवाला आला. थोरलीने विळी आणि दोन सुऱ्यांबरोबर मलाही खाली नेले. त्याने मला चाकापुढे धरण्याआधी उलटसुलट करून पाहिले. "बाई, अशी कात्री हल्ली बघायला मिळत नाही. काय हाल केलेत हिचे!" कितीतरी वर्षांनी कोणी माझ्याविषयी चांगले बोलले होते. मी वेड्यासारखी खूश झाले.

"चांगली होती," थोरली म्हणाली. "माझ्या बहिणीला तेवढी जमायची नाही. डावखुरी होती ना, सगळं चावून ठेवायची."

धारवाला हसला. "मग कशी जमेल? ही उजव्या हाताची कात्री आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे डाव्या हातात हिची पाती एकमेकांपासून लांब जातात. कापड मध्ये दुमडतं. त्यात माणसाचा काही दोष नसतो, बाई. डावखुऱ्यांची वेगळी मिळते." त्याने चाक फिरवायला घेतले. "हिच्यानं डाव्या हातानं कापायचं तर अंगठा उलटा रेटावा लागतो. फार जोर लागतो हो. जीव काढून रेटावं लागतं."

माझी धार लावून झाली, विळीची झाली, सुऱ्यांची झाली, तरी थोरली तशीच उभी होती. धारवाल्याने दोनदा हाक मारली तेव्हा तिने हात पुढे केला.

दुसऱ्याच दिवशी ती मला पिशवीत घालून रंग-कागदांच्या दुकानात गेली. मला काउंटरवर ठेवून म्हणाली, "एवढीच हवी. पण डावखुऱ्यांची."

"मिळेल की. लहान मुलासाठी का?"

"नाही. धाकट्या बहिणीसाठी."

"वय काय तिचं?"

थोरलीने मनात हिशेब केला. "एक्कावन्न," ती म्हणाली.

दुकानदाराने हिरव्या मुठीची कात्री काढली. माझ्यासारखीच, पण आरशात पाहावी तशी उलटी. त्या दिवशी घरी खळ शिजली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. थोरलीची नजर आता अधू झाली होती आणि बोटांची पेरे सुजलेली होती, पण तिने मला हातात घेतले आणि पुठ्ठ्याची एक चांदणी कापली. चांदणीला मणी चिकटवताना तिची बोटे खळीत बरबटली. ती स्वतःशीच पुटपुटली, "हे काम तिचं होतं."

मग तिने पार्सल बांधले. हिरवी कात्री, नवी चांदणी आणि आपल्या वाट्याची अर्धी माळ. वर एक चिठ्ठी. लिहिताना ती शब्द मोठ्याने उच्चारत होती, म्हणून मला कळले: 'बारके, कापायला तुला येत होतं. कात्रीच चुकीची होती. आणि आईचं कळवायला हवं होतं, ते मी चुकले. ये.' घड्याळामागचे कार्ड काढून तिने पत्ता उतरवला. दोष माझ्यावर आला याचे मला जराही वाईट वाटले नाही.

एकवीस दिवसांनी दारावर थाप पडली. टपालवाली होती. हातात तेच पार्सल, त्यावर मोठा शिक्का.

"परत आलंय, मावशी. या पत्त्यावर कोणी राहत नाही."

"कुठे गेली?"

"ते आम्हाला नाही कळत."

"अहो, पण कुठेतरी गेली असेल ना?"

टपालवालीने पार्सल तिच्या हातात ठेवले आणि सहीसाठी कागद पुढे केला. थोरलीने सही केली. मग आत येऊन बारकीच्या इस्पितळात फोन लावला. पलीकडून कोणीतरी म्हणाले, की त्या बाई इथून जाऊन सहा वर्षे झाली. पुढचा पत्ता? नाही, इथे तशी नोंद नसते. थोरलीने "बरं, बरं" म्हटले आणि फोन बंद झाल्यावरही आणखी एकदा "बरं" म्हटले.

पार्सल तिने उघडले नाही. ते कपाटावर आहे. ती हिरव्या मुठीची कात्री त्याच्या आत आहे, आणि तिने आजवर कागदाचा एक कपटाही कापलेला नाही. त्या वर्षापासून बादलीत फांदीही उभी राहिलेली नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंच्या आत्मकथेच्या शेवटी तुमच्याकडे काही मागायची रीत आहे. मला तेल घाला, माझा खिळा आवळा, असे मी म्हणू शकते. पण तेल नाही घातले तरी माझे काही अडत नाही. आता कापायचे तरी काय आहे? मी दुसरेच मागते. तुमचे ज्याच्याशी भांडण झाले असेल, त्याच्याशी बोलू नका हवे तर. राग धरा, तोंड फिरवा. पण तो कुठे राहतो, एवढे माहीत असू द्या. आणि त्याने आपणहून पत्ता कळवला, तर ते कार्ड घड्याळामागे खोचू नका. त्याच दिवशी उत्तर पाठवा. दोन ओळींचे चालेल. वाकड्या अक्षरातले चालेल.

थोरलीचे गुडघे आता फार दुखतात. घरमालक मागच्या महिन्यात वर आला होता. तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या आहेत, त्या घ्या म्हणाला. "जिना चढवत नाही तुम्हाला. कशाला जीव दमवता? खाली अंगणही आहे."

"नको," थोरली म्हणाली. "माझ्या बहिणीला हेच दार माहीत आहे."

"त्या येतात का?"

"नाही."

घरमालक निघून गेला. त्याने पुन्हा विचारले नाही.

दुपारी ती टेबलापाशी बसते. जिन्यावर पावले वाजली की हातातले काम खाली ठेवते आणि मान वर करते. पहिला मजला होतो. दुसरा होतो. तिथे किल्ली वाजते, कोणाचे तरी दार उघडते आणि लागते. मग ती काम पुन्हा हातात घेते.